कडता न कापता भरलेला गॅस

“काटा आधी शून्यावर दाखव! आन् कडता कापशील तर याद राख!”

सासऱ्यांची ही आरोळी पंचवटीतल्या आमच्या बाल्कनीतून सुटली ती थेट आडगाव नाक्यावर जाऊन आदळली. तिथे म्हणे सिग्नलला थांबलेल्या दोन ट्रकवाल्यांनी न मागता मालाच्या पावत्या काढून दाखवल्या.

ज्याच्यावर ती सोडली होती तो एसीचा मेकॅनिक मात्र उकिडवा बसून होता. आमचा एसी वर्षभर नुसता पंख्याचं काम करत होता. त्यानं पाईपच्या नटाला साबणाचा फेस फासून गळती शोधली, नट आवळला, पंप लावून पाईपमधली हवा ओढून काढली. आता फक्त गॅस भरायचा, तोही वजनावर. सिलिंडर काट्यावर ठेवायचं; ते जेवढं हलकं होईल तेवढा गॅस आत गेला. आणि तिथेच घोटाळा झाला. सासऱ्यांना काटा दिसला.

सासऱ्यांनी चांदवडला उभा जन्म कांदा पिकवला आणि उभा जन्म तो दुसऱ्याच्या काट्यावर घातला. माती आहे, ओल आहे म्हणत व्यापारी वजनातून जे कापून घेतात, त्या कडत्याशी त्यांचं हाडवैर. देवळात गेले तरी घंटा वाजवण्याआधी ती उचलून बघतात, किती किलोची असेल म्हणून.

नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ दिवस धुळीत पाऊल टाकायचं नाही. गावाकडे नेमका उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरणं चालू. तिथली धूळ अशी, की समोरचा बैल आपला की शेजाऱ्याचा हे त्यालाच विचारावं लागतं. सासऱ्यांचा सगळा जीव तिकडे. लेकीनं फार धरून बसवलं तेव्हा त्यांनी अट घातली, “एसी गार करत आसंल तर ऱ्हातो. नायतर उद्याची पहिली एसटी.”

बायको मला आत नेऊन म्हणाली, “अहो, बाबा गेले आणि डोळ्याला काही झालं, तर मी जन्मात तुमच्याशी बोलायची नाही.”

क्षणभर मी या प्रस्तावाचा विचार केला. मग मेकॅनिकला फोन लावला.

“बाबा, झाला बघा पाऊण किलो. मशीनवर एवढाच लिहिलाय,” मेकॅनिक म्हणाला.

“झाला ना? आता वर घाल थोडा.”

“वर म्हणजे?”

“वर म्हंजे वर! कोथिंबीर घेतली की दोन काड्या वर घेत नाय का तू?”

“गॅस जास्त झाला तर गार कमी होतं, बाबा.”

“जास्त घातल्यावर कमी व्हतं? जावईबापू, ऐका! ह्यो कंच्या बाजारातला!”

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं. मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. पण मला कॉटखालची त्यांची पिशवी दिसत होती, भरलेली, चेन लावायची तेवढी बाकी. मी म्हणालो, “घाल रे दोन काड्या.”

घातल्या. बाहेरचं मशीन राहुड घाट चढणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरसारखं कण्हायला लागलं आणि आतून हवा आली ती नुकताच चहा प्यालेल्या माणसाच्या श्वासासारखी. बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं त्यानं मात्र मला चांगलाच गारवा जाणवला.

“ऱ्हाऊ द्या,” सासरे एकदम मऊ आवाजात म्हणाले, “नशिबात नाय एकेकाच्या.” आणि पिशवीची चेन लावायला लागले.

मेकॅनिकनं सगळा गॅस परत रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, पंप पुन्हा लावला आणि पुन्हा तोलून पाऊण किलो भरला. या वेळी सासरे पिशवीची चेन धरून नुसते बघत राहिले. अर्ध्या तासात खोलीत काश्मीर झालं. भिंतीवरची पाल ऊब शोधत देवघरातल्या निरांजनापाशी जाऊन बसली.

शब्दाला जागून सासरे राहिले. संध्याकाळी बघतो तर खोली रिकामी. हे बाल्कनीत, डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर काळा चष्मा, बाहेरच्या मशीनचा गरम झोत अंगावर घेत चांदवडच्या दिशेला तोंड करून बसलेले.

“बाबा, इथे कशाला भाजताय? आत किती गार झालंय!” बायको म्हणाली.

“मला एसी सोसत नाय.”

“अहो, मग एसीची अट कशाला घातली होती?”

“बंद व्हता म्हणून.”