जांभ्याची कपची

दिवस आणि जबाबदार व्यक्ती प्रथम नोंदवतो. ईदच्या सुट्टीचा तिसरा दिवस, सकाळ: थायलंडमधील एका प्राचीन नगराच्या अवशेषांवर नारळ फोडला गेला, जबाबदार, मस्कतमधील आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस. त्याच दिवशी दुपारी, या गोष्टीची कुठेही वाच्यता करायची नाही असे बसमध्ये ठरले, जबाबदार, अध्यक्ष. सुट्टीचा सहावा दिवस: त्या नगराच्या दगडाची एक कपची मस्कत विमानतळावरून बाहेर पडली, जबाबदार, सहलीला गेलेले आम्ही सर्व. त्यानंतर मी मंडळाला तीन पत्रे लिहिली. एकाचेही लेखी उत्तर आलेले नाही.

ते नगर मला फार आवडले होते, हे कबूल केले पाहिजे. कमळांनी भरलेला खंदक ओलांडून आत गेलो, तर झाडांच्या दाटीत समोर जांभ्याचा चौथरा. तांबूस, भोकाभोकांचा, पावसाने काळवंडलेला. वर्षानुवर्षे ओमानचे उघडे, करडे डोंगर पाहणाऱ्या कोकणी माणसांना त्या दगडाने जागच्या जागी थांबवले. चिटणीस मस्कतच्या गाला भागातल्या एका गॅरेजात फोरमन आहेत. चौथऱ्यावर तळवा टेकवून ते म्हणाले, "ह्यो तर आमच्या पायरीचो दगड!"

चौथऱ्याच्या कडेला, पिंपळाखाली, त्याच दगडाची एक अनघड शिळा उभी होती. गावच्या राईत राखणदाराची असते तशीच. दगडांना हात लावू नये, असा इंग्रजी फलक दहा पावलांवर होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला.

"काका, फलक माणसांसाठी. हयसर देव आसा," चिटणीस म्हणाले. पिशवीतून त्यांनी नारळ काढला. तो सकाळीच बाजारातून घेतलेला होता. "गाऱ्हाणा तुमी घाला. वयान तुमीच मोठे."

कायदा जाणणाऱ्या माणसाने येथे नकार द्यायला हवा होता. पण आमच्या गावी देवापुढे गाऱ्हाणे मानकरी घालतात, आणि आमच्या घराला तो मान कधीच नव्हता. माझे वडील आयुष्यभर मागच्या रांगेत उभे राहून नुसता होकार देत आले. मी चपला काढल्या.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां मस्कतसून तुझ्या पायाशी इली हत..."

"होय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला असात ता पोटात घाल, आणि इल्या-गेल्याची राखण कर, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

झाडांवरचे पक्षी उडाले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच ठाऊक नव्हते. चिटणिसांनी नारळ शिळेवर आपटला. नारळ फुटला, आणि शिळेचा कोपराही निघाला. सुपारीएवढी कपची. "प्रसाद!" असे म्हणून त्यांनी ती कपाळाला लावली आणि खिशात टाकली.

एवढ्यात सायकलवरून एक म्हातारा पहारेकरी आला. त्याने ओली शिळा पाहिली, अनवाणी आम्हाला पाहिले, आणि शिळेकडे वळून हात जोडले. मग मला विचारले, "ओके?" मी म्हणालो, "ओके."

पुढे जंगलातला धबधबा पाहिला असे सहलीच्या अहवालात लिहिले आहे. मी पाहिला नाही. सगळे पाण्यात उतरले असताना मी काठावर चिटणिसांनी पँट घडी करून ठेवलेल्या खडकाकडे पाहत होतो. तो खिसा मी उघडू शकलो असतो. दोनदा उठलो, दोनदा बसलो. परतताना मस्कतला सामान यंत्रातून जात असताना आपण पकडले जावे, असे मला मनापासून वाटत होते. कोणी पकडले नाही.

आता ती कपची मस्कतच्या अल हैल भागात, चिटणिसांच्या घरच्या देव्हाऱ्यात आहे. शुक्रवारी लोक दर्शनाला जातात. दूरच्या सहम गावाहून एक कुटुंब हार घेऊन आले होते. मी फोन केला, तर चिटणीस म्हणाले, "काका, खलास आता! देव आपल्यावांगडा इलो, तुमका कित्याक त्रास?" अध्यक्ष म्हणाले, "तुमचं हे वकिली डोकं निदान देवापुढे तरी बाजूला ठेवा."

ठेवणार नाही. परवानगीवाचून उचललेली वस्तू भक्तीने उचलली म्हणून आपली होत नाही. आणि देव आपल्याबरोबर आला म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे की, पिंपळाखाली मग कोण उरले आहे आणि तो म्हातारा हात कोणाला जोडतो आहे?

पत्नी परवा म्हणाली, "अहो, साऱ्या मस्कतला पत्रं लिहून झाली. ज्याला खोटं सांगितलंत, त्याला एक ओळ लिहिलीत का?"

लिहिली. चार ओळींचे पत्र आहे: गाऱ्हाणे मी घातले, 'ओके' मी म्हणालो, दोन्हींबद्दल क्षमा मागतो. पण कपचीवाचून ते पाठवणे म्हणजे दुसऱ्यांदा खोटे बोलणे, म्हणून लिफाफा उघडाच ठेवला आहे. माझ्या आयुष्यात न पाठवलेले हे एकमेव पत्र. घरात कुठेही बसलो तरी ते मला दिसते.

म्हणून माझी मागणी अशी. येत्या शुक्रवारी, मंडळाच्या सभेत, सर्वांसमोर, प्रथम मी उभा राहून माझा अपराध सांगेन. माझ्यानंतर चिटणिसांनी उभे राहावे आणि हो किंवा नाही, एवढेच उत्तर द्यावे: ती कपची तुम्ही माझ्या हाती देणार आहात काय?