मधल्या तुळईचा सांधा

मिस्तरींना सगळं गाव मिस्तरीच म्हणायचं. चौतीस वर्षं त्यांनी दारं, कपाटं आणि शाळेची बाकं केली. त्यांनी केलेलं दार एका बोटाने लागायचं आणि लागताना हूं की चूं करायचं नाही. कुणाकडे गेले आणि तिथलं दार कुरकुरलं, की यांचं चहात लक्ष नसायचं, डोळे बिजागरीवर. "कुणी केलंय हे?" असं ते अशा सुरात विचारायचे, की यजमानाला वाटावं आपली चोरी पकडली गेली.

त्यांना एक खोड होती. कुठलंही काम बंद करण्याआधी ते आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, पेन्सिलीने तारीख, हवा कशी होती ते, आणि एखादी ओळ लिहायचे. 'दाढ ठणकते आहे. खण मात्र झकास.' 'मालकीणबाई फार सूचना करतात.' दवाखान्यातलं औषधांचं कपाट वीस वर्षांनी दुरुस्तीला खोललं, तेव्हा मागच्या फळीवर 'डॉक्टर बोलतो फार, ऐकत काही नाही' हे वाचून तिथले कंपाउंडर जे हसत सुटले, ते थेट मिस्तरींच्या घरी येऊनच थांबले. तिथून त्यांची दोस्ती.

आणि एक वाक्य होतं, जे मिस्तरी उठता बसता ऐकवायचे. "ज्या दिवशी माझ्या हातचा सांधा सुटेल ना, त्या दिवशी हत्यारं खाली ठेवीन. पुन्हा हात लावणार नाही." बायकोला ते पाठ होतं. मित्रांना तर त्याचा वीट आला होता.

तिसरे मास्तर. त्यांनी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्रात पार आत, नकाशावर माशी बसून गेल्यासारखं एक टिंब होतं, एक बेट. त्याबद्दल ते वर्गात इतकं रंगून सांगायचे, की एकदा एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही कितीदा गेलात तिथे?" मास्तर घाईघाईने फळा पुसायला लागले. ती मुलगी मोठी होऊन स्वतः शिक्षिका झाली, पण मास्तरांच्या डोक्यातून तो प्रश्न काही हलला नाही. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात त्यांनी बंदराच्या कट्ट्यावर मिस्तरींना विचारलं, "तू होडी करशील?"

"दार करतो मी," मिस्तरी म्हणाले.

"दारच समज. फक्त पाणी बाहेर ठेवायचं."

हे ऐकून जो माणूस गप्प घरी जाईल, तो मिस्तरी नव्हे. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन हजर.

होडी एक नव्हे, दोन. तीस तीस फुटांच्या दोन लांब, अरुंद होड्या शेजारी शेजारी, आणि त्यांना जोडणाऱ्या तीन आडव्या तुळया. अशी जोडहोडी सहजी कलंडत नाही म्हणतात. बंद पडलेल्या लाँड्रीची मागची शेड मास्तरांनी मिळवली. तिथे पूर्वी हॉटेलांच्या चादरी वाळायच्या, त्यामुळे छताला ओळीने लोखंडी कड्या होत्या. त्या कड्यांना सांगाडे टांगून मिस्तरी काम करायचे. ज्या लांबलचक टेबलावर चादरींच्या घड्या घातल्या जायच्या, त्यावर त्यांच्या बायकोने शिडं शिवली. ती शाळेचे गणवेश शिवायची. "आयुष्यभर पोरांच्या चड्ड्या शिवल्या," ती म्हणायची, "आता वाऱ्याची शिवते." शिडाची होडी हाकायला मास्तर आणि कंपाउंडर तीन वर्षं एका म्हाताऱ्या सारंगाकडे शिकले. सारंग शिव्या देऊन शिकवायचा. पण शिकवलं पक्कं.

सगळ्यात महत्त्वाची मधली तुळई, कारण डोलकाठी तिच्यावर उभी राहणार. ती मोडली तर डोलकाठी कोसळणार, आणि भर समुद्रात डोलकाठी गेली म्हणजे माणसांचं काय ते वेगळं सांगायला नको. तुळई पेटीसारखी, आतून पोकळ. तिची खालची फळी एवढी लांब कुठे मिळणार? म्हणून दोन फळ्यांची टोकं तिरकी तासून, रेझिन लावून एकजीव करायची. हाच तो सांधा.

रेझिन दोन डब्यांत येतं. एकात रेझिन, दुसऱ्यात ते कडक करणारं हार्डनर; प्रमाण चुकलं की चिकटच राहतं. मिस्तरींनी दोन्ही डब्यांना पंप बसवले होते. इकडचे जितके दाब, तितकेच तिकडचे. कंपाउंडर मात्र दवाखान्यातला जुना तराजू घेऊन बसायचे आणि थेंबाथेंबाने वजन करायचे.

"अरे, लाकूड चिकटवायचंय, त्याला खोकल्याचं औषध नाही पाजायचं," मिस्तरी म्हणायचे.

"पंपात हवा आली की दाब फुकट जातो. वजन खोटं बोलत नाही."

"माझा हातही बोलत नाही."

तर त्या दिवशी शेडमध्ये मिस्तरी एकटेच होते. हवा दमट. रेझिनचे सहा दाब झाले. हार्डनरचा एक, दोन, तीन, आणि फोन वाजला. जावई होता. लेकीला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायला तीन आठवडे असताना. "बाबा, तुम्ही आणि आई लगेच निघा." मिस्तरींनी फोन खिशात टाकला आणि पंपावर हात ठेवला. तीन झाले होते की चार? त्यांनी अंदाजाने दोन दाबले, भराभर ढवळलं, सांधा लावला, शिकंजे आवळले आणि बायकोला घेऊन पहिल्या गाडीने लेकीचं गाव गाठलं.

नात झाली. लेक सुखरूप, नात गुटगुटीत. आनंदात दहा दिवस कसे गेले कळलं नाही. अकराव्या दिवशी मिस्तरी शेडमध्ये येऊन बघतात, तर तुळई बंद! चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या, वर मजबुतीचं काचेच्या धाग्यांचं कापड चढवलेलं, पहिला रंगसुद्धा लागलेला.

"म्हटलं, आजोबा झालास, तुझं तेवढंच काम हलकं करावं," कंपाउंडर म्हणाले.

मिस्तरींच्या पायाखालची जमीन सरकली. पण काय बोलणार? 'मी दाब मोजायला चुकलो' असं म्हणायचं? चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या बिजागऱ्यांना नावं ठेवली, त्याने? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून ते रंधा घेऊन दुसऱ्याच कामाला लागले.

आता तुम्ही म्हणाल, भला माणूस आहे, दोन दिवसांत सांगून टाकेल. कसलं काय! दीड वर्षं मूठ झाकलेलीच राहिली. होडी पाण्यात गेली, डोलकाठी उभी राहिली, बंदराच्या आत चार फेऱ्याही झाल्या. मिस्तरी प्रत्येक फेरीत तुळईपाशी बसून बोटांनी टकटक करायचे आणि कान लावायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आतून कधी आवाज ठणठणीत यायचा, कधी त्यांनाच तो भद्द वाटायचा. बंदरातला वारा वेगळा आणि बाहेरचा वेगळा, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

निघायला नऊ दिवस उरले. बायको धक्क्यावर बसून शिडाच्या कोपऱ्याला शेवटचे टाके घालत होती. तिने सुई थांबवली.

"अहो, त्या तुळईला सारखं काय ठोठावता? आत कुणी राहतं का?"

मिस्तरींनी इकडे तिकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. फोन, पंप, तीन की चार, सगळं. बायकोने ऐकून घेतलं आणि दोरा दाताने तोडला.

"मला सांगून काय उपयोग? मला पाळण्यात बसलं तरी मळमळतं, मी काही येत नाही. ज्यांचे जीव त्यावर टांगणार आहात, त्यांना सांगा."

"मग हत्यारं खाली ठेवावी लागतील गं. सगळ्यांसमोर बोललोय मी."

"ठेवा मग," ती म्हणाली. "हत्यारं गेली तर मी दळण आणायला पाठवीन. भाऊजी गेले तर कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे होडीवर जमले. मास्तर नकाशाला इस्त्री केल्यासारखा हात फिरवत होते. मिस्तरी उभे राहिले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे, आणि म्हणाले, "मधल्या तुळईचा सांधा माझ्याकडून चुकलाय बहुतेक. दीड वर्ष मी तुमच्यापासून लपवलं. तुळई फोडून बघायची. वाईट निघाला तर जाणं रद्द, आणि माझी हत्यारं कुणालाही देऊन टाका."

मास्तरांनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडर एकदम समुद्राकडे बघू लागले.

"फोडायचं काही कारण नाही," कंपाउंडर म्हणाले. "सांधा चांगला आहे."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे म्हणतोय ना."

"हे बघ, पुड्या बांधणाऱ्याने मला सांधे शिकवू नयेत!" मिस्तरी भडकले. चूक कबूल करायला आलेला माणूस, पण ताठा बघा. "आत शिरून बघितलंस का तू?"

कंपाउंडर बोलायला गेले, आणि मग त्यांनी हात झटकला. "काप. काप बाबा एकदाचं."

मिस्तरींनी बाजूच्या फळीत, जिथे ताण कमी येतो तिथे, बशीएवढं गोल भोक पाडलं. बॅटरी आत धरली, डोळा लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

सांधा सरळ होता, घट्ट होता, कडेने रेझिनची बारीक, कडक रेघ फुटलेली होती. आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने, औषधाच्या चिठ्ठीवर असतं तसल्या बारीक अक्षरात, लिहिलेलं होतं:

'शिकंजे काढताच सांधा सुटला. आत चिकट होता. खरवडून पुन्हा केला, दोन्ही वजन करून. हवा कोरडी. मिस्तरीला कळता कामा नये, वेडा हत्यारं खाली ठेवील. नात झाली. वजन तीन किलो शंभर.'

त्याखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात, वहीत करतात तशी खूण करून, एकच शब्द होता: 'तपासले.'

मिस्तरी मागे सरले आणि मटकन खाली बसले. कान लालबुंद.

"दीड वर्षं!" ते ओरडले. "दीड वर्षं मला घास गोड लागला नाही!"

"आणि मी दीड वर्षं तोंड शिवून बसलो, त्याचं काय?" कंपाउंडरही ओरडले. "तू टकटक करायला लागलास की मला वाटायचं, आतलं अक्षर बाहेर ऐकू येतंय की काय!"

"मला सांगायचं होतंस."

"तुला? सांधा सुटला हे? आणि मग ही होडी कुणी पुरी केली असती, या मास्तराने? याला खिळा कुठल्या बाजूने ठोकतात ते माहीत नाही."

"टोकाच्या बाजूने," मास्तर म्हणाले.

मिस्तरींना हसावं की रडावं कळेना. मग दोन्ही झालं. डोळे पुसून त्यांनी पटाशी उचलली आणि फळकुटावर ठेवली. "बोललो ते बोललो. सांधा सुटला होता. हत्यारं खाली."

"ठेव," कंपाउंडर म्हणाले. "पण आधी हे भोक बुजव. समुद्राला काय सांगू, मिस्तरी रुसलाय म्हणून?"

मिस्तरी भोकाकडे वळले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, भोकातून हात आत घातला आणि अंदाजाने लिहिलं. मास्तरांनी बॅटरी टाकून वाचलं. 'सांधा कंपाउंडरचा. भोक माझं. हवा उत्तम.'

मग गोल फळी तासून झाली. मिस्तरींनी दोन्ही डबे पुढे ओढले, पंपावर हात ठेवला आणि थांबले.

"मोज," ते म्हणाले.

"काय?"

"मोठ्याने मोज म्हणतोय. मी दाबतो."

कंपाउंडरांनी तराजूचा विषय काढला नाही. ते शेजारी बसले आणि पाढा म्हटल्यासारखं मोजू लागले. एक. दोन. तीन. धक्क्यावरच्या कोळणी बघत होत्या, पण मिस्तरींना त्याचं काही वाटलं नाही. भोक बुजलं, आणि पटाशी मुकाट्याने पेटीत गेली.

ते बेटावर पोचले, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पाचव्या दिवशी सकाळी ते टिंब पाण्यावर आलं, आणि मास्तर आपल्याच नकाशावर इतके रडले, की परतीची वाट पुसट झाली. निघताना धक्क्यावर बायको, लेक आणि नात होती. "शिवण उसवली तर परत घेऊन या, फुकट दुरुस्त करीन," बायको ओरडली होती. नात दोन्ही हात हलवत होती, कुणाला ते तिलाही माहीत नसावं.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं. दुपारी वारा चढला. लाटा डोंगरासारख्या नव्हत्या, पण बंदरातल्याही नव्हत्या. शीड ताठ फुगलं, डोलकाठी वाकली आणि मधली तुळई जोरात कुरकुरली. मास्तर सुकाणू धरून होते. कंपाउंडरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते दोराला धरून सरकत मिस्तरींजवळ आले.

"मिस्तरी, टिकेल ना रे ती?"

दुसऱ्याच्या हातच्या दारावर चौतीस वर्षांत एकदाही विश्वास न टाकलेला तो माणूस. त्याने तुळईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू केलीयस ना?" मिस्तरी म्हणाले. "मग टिकेल."

आणि ते त्याच तुळईला पाठ टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून, दीड वर्षांची राहिलेली झोप काढायला लागले.