अस्वलाने दिलेला चेहरा

झाडीपट्टीच्या नाटकांत मी वीस वर्षं खलनायक आहे, आणि त्याचं श्रेय अभिनयाला देण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पोंभुर्ण्याच्या जंगलात मोहफुलं वेचताना एका अस्वलाने माझा उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. टाके पडले, गाल जागेवर आला, पण पूर्वीसारखा बसला नाही. पुढच्याच वर्षी एका नाटक कंपनीच्या मालकाने मला बाजारात पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमाले रंग लावाची गरजच नाई!" तेव्हापासून मी रंगमंचावर नुसता उभा राहिलो तरी पुढच्या रांगेतल्या बाया शिव्या घालतात. चांगल्या चांगल्या नटांना हे जमत नाही.

माझी मुलगी अस्वलानंतर जन्मली. माझा आधीचा चेहरा तिने पाहिलेलाच नाही. मतदानाच्या ओळखपत्रावर एक जुना फोटो आहे, पण त्यात हा माणूस आहे एवढंच कळतं. तुझा बाप एकेकाळी बरा दिसायचा, हे तिला दाखवायला माझ्याकडे काही पुरावाच नव्हता. याची मला फार खंत होती.

यंदा मुंबईचे लोक आमच्याकडे सिनेमा करायला आले. मला काम मिळालं, वाघाच्या तावडीतून सुटलेल्या शिकाऱ्याचं. रंगभूषाकाराने माझा गाल निरखला आणि मान हलवली. "काका, हे व्रण खरे वाटत नाहीत." मग दोन तास खपून त्याने खरे व्रण मेणासारखं काहीतरी थापून बुजवले आणि डाव्या गालावर तीन सरळ रेघा ओढल्या. बघायला जमलेल्या गावकऱ्यांत खसखस पिकली. एक म्हातारा म्हणाला, "वाघानं गाल धरला असता, तं भाऊ पिच्चरमदी कायले आला असता?"

मी मात्र आरशापुढून हलेना. डावा गाल हाताने झाकून पाहिलं. माझा जुना चेहरा परत आला होता! मला रडूच कोसळलं. "रडू नका, मेण सुटेल!" रंगभूषाकार खेकसला.

दुपारी मुलगी डबा घेऊन येणार होती. मी उजवा गाल रस्त्याकडे करून, मान ताठ ठेवून बसलो.

ती आली. माझ्यासमोर थांबून तिने अदबीने विचारलं, "भाऊ, आमचे बाबा कुठी हायेत जी?"

"मीच व्हय वं," मी म्हणालो. "पाह्य, असा होतो मी."

तिने पाहिलं. मी कौतुकाची वाट बघत होतो. तिचा चेहरा पडत चालला.

"बाबा, पुसा ते."

"अवं, शूटिंग बाकी हाय."

"पुसा ना. मले भेव लागून राह्यलं."

मी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि गाल घासायला लागलो. पलीकडून रंगभूषाकार बोंबलत धावत येत होता.