विहिरीपल्याडची लेन्स

माझ्या लेकीने परवा डिजिटल कॅमेरा घेतला. नुसता कॅमेरा घेऊन कोणी थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. आठवड्याच्या आत तिचा फोन आलाच. "आई, पहिली लेन्स कुठली घेऊ? लांबची की जवळची?"

"जवळची," मी म्हटलं.

"इतक्या खात्रीने सांगतेस? तुला काय कळतं त्यातलं?"

मला काय कळतं! बाई गं, तुझ्या पहिल्या फोटोसाठी दोन जिल्ह्यांतली दुकानं पालथी घातली आहेत आम्ही. मग तिला सगळं सांगावं लागलं.

नव्वदच्या पुढची गोष्ट. माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीकडच्या कुंडलचं. नवरा फौजेत. निवृत्त होणाऱ्या एका सोबत्याकडून त्याने रोलचा कॅमेरा घेतला होता, गळ्यात अडकवायचा, लेन्स काढता-घालता येणारा. सुट्टीवर आला तेव्हा तो माझ्या हातात दिला, रोल कसा भरायचा आणि बटण कुठलं दाबायचं तेवढं दाखवलं आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेला. मी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होते. बाळंतपणाला साताऱ्याला आले, मुलगी झाली, आणि पहिल्या पत्रात त्याने लिहिलं, "फोटो पाठव."

साधी गोष्ट होती. पण बारशाला माझ्या सासूबाई आल्या आणि जाताना दारातच माझ्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, जावळ हुईस्तवर पोरीचा फोटू काढायचा न्हाई बरं का. नजर लागती." आणि जावळ? ते कुलदेवापुढे, बापाच्या देखतच काढायचं, असा त्यांनी नवस बोललेला. बापाची सुट्टी तर दोनदा पुढे ढकलली गेली होती. म्हणजे बाप आल्याशिवाय जावळ नाही, जावळाशिवाय फोटो नाही, आणि फोटो हवा होता तो बाप येत नाही म्हणूनच. हे कोडं मी सासूबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "मग येऊ दे की त्येला."

माझे वडील कचेरीत कारकून. विहिणीचा शब्द मोडायचा नाही, पण जावयाचा कॅमेरा तयार मात्र असला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. मोती चौकाकडच्या एका फोटोच्या दुकानात ते मला घेऊन जाऊ लागले आणि एकेक वस्तू जमू लागली. आधी चामडी पेटी आली. मग धूळ झटकायचा ब्रश, मग हवा मारायचा रबरी फुगा. लेन्सवर चरा पडू नये म्हणून पुढे लावायची काच आली. लेन्सचं झाकण हरवू नये म्हणून त्याला दोरी आली, आणि दोरीसकट हरवलं तर असावं म्हणून दुसरं झाकण आलं. वस्तू वापरली की खराब होते, हा वडिलांचा आयुष्यभराचा सिद्धांत. आमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक माझ्या लग्नातसुद्धा निघालं नव्हतं. दोन महिन्यांत कॅमेऱ्याला ऊन, वारा, धूळ, पाणी यांपैकी कशाचंही भय उरलं नाही. फोटो एकही काढला नव्हता.

अशी पेटी आणि मुलगी घेऊन मी कुंडलला आले. आमचं घर गावाबाहेर मळ्यात. अंगणापुढे थोडी मोकळी जागा, मग विहीर, तिच्या पलीकडे ऊस. तिथे नवऱ्याचं तिसरं पत्र आलं. मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. "तू लिहितेस ती माझ्यासारखी दिसते. आई लिहायला सांगते की तिच्या माहेरावर गेली. मी रोज वेगळीच मुलगी डोळ्यांसमोर आणतो. मला एकदा दिसू दे." राग आला होता मला, सासूबाईंचा, फौजेचा आणि त्या दोन झाकणांचाही.

सासरे तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंना विचारलं, "काय गं, ही नजर किती लांबनं लागती?"

"आवं, काय इचारताय?"

"सरळ इचारतोय. उंबऱ्यातनं लागती?"

"लागती की."

"रस्त्यावरनं?"

"लागंल."

"विहिरीपल्याडनं?"

सासूबाई विचारात पडल्या. खरंच विचारात पडल्या, देवाशपथ. भाकरी तव्यावर फुगली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "एवढ्या लांबनं कशाला लागंल? माणूस वळखूबी येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग विहिरीपल्याडनं फोटू चालंल?"

"मला सांगू नका म्हंजी झालं, कवा काढताय ते."

सासरे तिथूनच उठले आणि पावलं मोजत निघाले. अंगणातल्या तुळशीपासून विहिरीपलीकडच्या बांधापर्यंत एकशेवीस पावलं भरली. दुसऱ्या दिवशी बाळाला सासूबाईंपाशी ठेवून आम्ही एस.टी.ने सांगलीला गेलो.

सांगलीचा दुकानदार मवाळ, चष्मेवाला माणूस. त्याने विचारलं, "काय दाखवू?"

"लेन्स," सासरे म्हणाले. "टारगेट एकशेवीस पावलांवर. अडीच फुटी. हालतं."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "लहान मुलीचा फोटो काढायचाय."

"मग तुमच्या कॅमेऱ्यावर आहे तीच लेन्स उत्तम आहे, ताई. जवळ जा आणि काढा."

"जवळ जाता येत न्हाई," सासरे म्हणाले.

बिचाऱ्याने कपाट उघडलं. त्याने एकशेपस्तीसची काढली, दोनशेची काढली. लेन्स मिलिमीटरमध्ये मोजतात हे ऐकून सासऱ्यांची कळी खुलली. त्यांची सगळी नोकरी मिलिमीटरमध्ये गेलेली. "आमची तोफ एकशेपाचची व्हती," ते म्हणाले आणि दोनशेची लेन्स हातात घेऊन पारखू लागले. शेवटी दुकानदाराने कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जाडजूड डबा उतरवला. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कुणीतरी विकलेली, पाचशेची.

सासरे उठून उभे राहिले.

लेन्सबरोबर स्टँड आलाच. बारीक पायांचे स्टँड त्यांनी एकेक करून हलवून बघितले आणि "वाऱ्यानं हालंल" म्हणून बाजूला सारले. दुकानात जो सर्वांत जड होता तो घेतला. मग दुकानदार म्हणाला, एवढ्या लांबच्या लेन्सला बटण हाताने दाबलं तरी कॅमेरा हलतो, त्यासाठी ही वायर मिळते, ती जोडायची आणि लांब उभं राहून टोक दाबायचं. सासऱ्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "म्हंजी दोरी वढून उडवायची! आमच्यावानीच!" त्यांनी वायर दोन घेतल्या.

आणि इथे आम्ही चूक केली. पाचशेच्या बदल्यात त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावरची मूळ लेन्स काढून दुकानदाराच्या पुढ्यात ठेवली. "ही बारकी काय कामाची?" दुकानदार मला हळूच म्हणाला, "ताई, ही राहू द्या. रोज हीच लागेल." मला पटत होतं. पण सासऱ्यांपुढे तोंड उघडायची माझी तेव्हा छाती नव्हती.

परतीच्या एस.टी.त स्टँड आमच्या दोघांच्या मधे उभा होता. मी धीर करून म्हटलं, "मामा, आत्यांचं असलं कशाला मानता तुम्ही? तुम्ही एवढी फौज बघितलेले."

त्यांनी स्टँड गुडघ्याला टेकवून धरला. मग म्हणाले, "तुज्या नवऱ्याच्या आदी एक व्हता आमाला. थोरला. मी लांब व्हतो, त्येला बघितलाच नव्हता. म्हनून तिनं तासगावच्या बाजारात त्येचा फोटू काढून घेतला, मला धाडायला. पंधरा दिसांत तापानं गेला. फोटू त्येच्या मागनं आला."

"तुम्हाला पाठवला?"

"न्हाई. तिच्या टरंकेत हाय. मलाबी दावत न्हाई."

सासूबाईंवर धरलेला सगळा राग मी तिथेच, त्या एस.टी.त सोडून दिला. लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपलीकडे आमचा मोर्चा लागला. सासऱ्यांनी स्टँडचे पाय टीचभर मातीत गाडले आणि लेन्सवर उसाचा पाला बांधला. पाला कशाला, असं मी विचारलं नाही. अंगणात सासूबाई बाळाला न्हाऊ घालून उन्हाला घेऊन बसत, ती आमची वेळ. मी वायर हातात घेतली की ते दर वेळी विचारत, "सूनबाई, झाकण काढलंस का?"

"काढलं, मामा."

"बघ एकदा."

पहिल्या दिवशी अंगणात म्हैस आडवी आली. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं संकट आलं. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी तीन पायांचा स्टँड आणि त्यात डोळा घालून बसलेली बाई बघितली, आणि गावात बातमी गेली की मोजणी आली. अर्ध्या तासात बांधावर वीसेक माणसं. कोणी म्हणे कालवा येणार, कोणी म्हणे रस्ता. शेजारच्या मळ्याचे आजोबा, ज्यांचा आमच्याशी बांधावरून जुना तंटा, ते सातबारा घेऊनच आले आणि मला म्हणाले, "बाई, नीट बघा, ह्यांनी दोन हात आत घेतलंय."

"आवं, ही माजी सून हाय!" सासरे ओरडले.

"म्हंजी मोजणीबी घरचीच व्हय रं!" आजोबा म्हणाले आणि खालीच बसले, उठेनात. शेवटी त्यांना त्या लेन्समधून बघायला दिलं. त्यांना त्यांच्याच घराच्या कौलावर बसलेलं मांजर दिसलं. मग बाकीच्या एकोणीस जणांनाही ते बघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी माणसं पांगली, आणि मी अख्खा रोल संपवला. काचेतून बाळ एवढंसं दिसायचं आणि वाऱ्याने तेही थरथरायचं. काय काढलं, काय नाही, मला पत्ता नव्हता.

रोल सांगलीहून धुऊन आला. बहुतेक फोटोंत धुकं. एकात म्हशीची पाठ अप्रतिम आली होती. आणि एक फोटो स्वच्छ होता. अंगण, तुळस, आणि मधे सासूबाई उभ्या. त्यांनी बाळाला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरलं होतं, तोंड विहिरीकडे करून. गालावर ही मोठी काजळाची तीट. त्यांचा स्वतःचा चेहरा बाळाच्या झबल्यामागे झाकला गेला होता.

मला सांगू नका म्हणाल्या होत्या. त्यांना रोज ठाऊक होतं.

मी तो फोटो पाकिटात घालून धाडला. महिन्याने उत्तर आलं. मी ते अंगणात मोठ्याने वाचलं. "पोरगी शेंगदाण्याएवढी दिसते, पण दिसली. कुणासारखी आहे ते अजून कळत नाही. आईने उचलून धरली आहे, म्हणजे आता तिची ना नसावी. तर एक जवळून काढ."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काढ की मग जवळनं."

मी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी स्टँडकडे. आमची पाचशेची लेन्स एका खोलीत मावेल इतक्या जवळचं काही बघूच शकत नव्हती. "आत्या, जवळची लेन्स आम्ही सांगलीला देऊन आलो," मी म्हटलं.

सासूबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की ते पहिल्या एस.टी.ने सांगलीला गेले. दुपारी परत आले ते छोटी लेन्स खिशात घेऊनच. दुकानदाराने ती बाजूला काढून ठेवली होती. "तुम्ही याल असं वाटलंच होतं," म्हणाला म्हणे. पाचशेची त्याच्याकडे परत गेली. दोन वायरी मात्र सासऱ्यांनी ठेवून घेतल्या.

ऊन उतरल्यावर सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाळाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसल्या. मी चार पावलांवर उभी राहिले. चारच. कॅमेरा डोळ्याला लावणार तोच त्या म्हणाल्या, "थांब वाईच." कमरेला खोचलेल्या फडक्यातून त्यांनी एक लहानसा, कडा पिवळ्या पडलेला फोटो काढला. टोपडं घातलेलं एक गुबगुबीत पोर. तो त्यांनी बाळाच्या शेजारी, माझ्याकडे तोंड करून धरला.

"दोघांचाबी एकदम काढ," त्या म्हणाल्या. "त्यो गेला तवा ह्यांनी बघितला नव्हता."

सासरे माझ्या मागे उभे होते. ते पुढे झाले, वाकून बघितलं आणि पुन्हा मागे गेले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, पण काचेत सगळं पुसट झालेलं, काहीच धड दिसेना. मी तशीच उभी.

"सूनबाई," मागून सासऱ्यांचा आवाज आला, "झाकण काढलंस का?"

झाकण काढलेलंच होतं.