गज दोन बोटं वर

आधी स्पष्ट सांगतो, मी या असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावातला मी पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., केमिस्ट्री. अब्बा जहाजावर खलाशी, अंगठा उठवणारे. डोळ्यांनी बघितलं, हातानं मोजलं तरच खरं मानायचं, हे मी कॉलेजात शिकलो आणि आज ऐंशी उलटल्यावरही तसाच आहे. म्हणून हा अनुभव इतकी वर्षं लिहिला नाही. या ग्रुपवर नातीनं मला घेतलं, आणि तीच टाइप करतेय.

साठीच्या दशकातली गोष्ट. यूएई हे नावसुद्धा तेव्हा नव्हतं. दुबईत वीज नुकतीच आलेली, खाडी ओलांडायला अब्रा... म्हणजे लाकडी होडी. देरा भागात, बाजारामागच्या गल्लीत, दाऊद मामूंचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. मामू मुरुडचे, माझ्या अम्मीचे चुलतभाऊ. अरब घराण्यांची जुनी पिस्तुलं, चकमकीची, चांदीच्या मुठीची, ती उघडायची, गंज काढायचा, तुटलेला भाग हातानं घडवायचा. पूर्ण खाडीवर असा कारागीर दुसरा नव्हता. मी ऑफिसातल्या नोकरीच्या आशेनं आलो होतो. ती मिळेपर्यंत त्यांच्याकडे.

मामू मला नावानं कधी हाक मारत नसत. "ग्रॅज्युएट, जरा तेल दे." "ग्रॅज्युएट, तुझ्या पुस्तकात गंज लिहिलाय, पण घासायला शिकवलं नाय काय?"

त्यांचा एक नियम होता. पिस्तूल दुकानात आलं की आधी नळीत लोखंडी गज सोडायचा. रिकाम्या नळीत तो तळापर्यंत जातो, आणि गजावरची खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. खूण वर राहिली तर आत दारू आणि गोळी आहे. मग पाणी ओतून दारू मारायची, पेचाच्या टोकानं गोळी ओढून काढायची. रिकामं झालं की चापाला पांढरा दोरा आणि दोऱ्याला पुठ्ठ्याचं कार्ड. कार्ड मी लिहायचो. 'खाली. तपासले.' खाली म्हणजे रिकामं. त्याच्याखाली माझी सही, आणि सहीपुढे बी.एस्सी. मामू हसायचे, पण मी लिहायचोच.

एका सकाळी अबू सालेम नावाचे मोत्यांचे व्यापारी पिस्तूल घेऊन आले. मुंबईला ये-जा असल्यानं हिंदी चांगली बोलायचे. मोठ्या मुलाचं, सालेमचं, लग्न होतं. लग्नातल्या नाचात नवरदेव आजोबांचं पिस्तूल उडवणार, गोळीशिवाय, फक्त आवाजाला. "चलना चाहिए, उस्ताद. इन्शाल्ला शादी से पहले."

गज सोडला. खूण दोन बोटं वर.

जुनी पिस्तुलं भरलेली येतातच, त्यात नवल नाही. दारूचा दगड झालेला, खरवडून काढावा लागला. गोळी पांढरी पडलेली. गोळीभोवतीचं कापड बोटात धरताच भुकटी झालं. मी कार्ड लिहिलं, दोरा बांधला. दुपारच्या नमाजापासून असरपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत, दुकान बंद असायचं, सगळं देरा झोपायचं. मामूंनी पिस्तूल पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या कमरेला.

असरनंतर पेटी उघडली. मामूंनी सवयीनं गज सोडला.

दोन बोटं वर.

"ग्रॅज्युएट, तू गोळी काढलीस ना?"

गोळी समोर डबीत पडली होती. मला वाटलं, नळी आत सुजली असेल, गंजाचा खपला आडवा आला असेल... पेच लावला. गोळी आली. या वेळी दारू दगड नव्हती, दाणे मोकळे होते. कापड तपकिरी, पण वीण दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा. गोळी चकचकीत, दारू पाणी ओतताच शाईसारखी वाहिली. आणि कापड पांढरं... कोरं. खळसुद्धा गेली नव्हती.

तीन गोळ्या ओळीत मांडून आम्ही बसलो. भरणारा जो कोणी होता, तो दर वेळी आजच्या दिवसाच्या जवळ येत होता. हे मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, "मामू, किल्ली तुमच्याकडेच असते."

 त्यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

तिसऱ्या दुपारी मी झोपलो नाही. पिस्तूल समोर ठेवून, दाराला आतून कडी लावून बसलो. घाम गळत होता, पण नजर हलवली नाही. असरनंतर मामूंसमोर गज सोडला. खूण थेट तोंडाशी. रिकामं.

"बघा," मी म्हणालो. "संपला विषय. आता देऊन टाकू."

"तू बसलास म्हणून नाय आला. लग्नात बसशील समोर?"

मामूंनी पितळेची खीळ उचलली. चकमकीची आग नळीत जाते ते भोक, कान म्हणतात त्याला, ते मामू बुजवायला निघाले. म्हणजे पिस्तूल कायमचं मुकं. मी खूप वाद घातला. चालू करून देतो असा शब्द दिलाय, गिऱ्हाईक जाईल, बाजारात नाव जाईल, आणि मी स्वतः तपासून सही केलीय.

"चाळीस वर्षांत मी तीन माणसं बंदुकीनं मेलेली बघितली," मामू म्हणाले. "तिन्ही खाली बंदुकीनं. धर, नळी धर."

मी धरली. त्यांनी खीळ ठोकली, घासून सपाट केली. आयुष्यात पहिल्यांदा चालतं हत्यार बंद करत होते. अबू सालेमना त्यांनी खरं तेच सांगितलं, की हे आता उडणार नाही.  अबू सालेमनी पिस्तूल उचललं आणि सलाम न करता गेले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सालेम एकटा आला. अंगावर नवे कपडे, चेहरा उतरलेला. पिस्तूल मामूंच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं सांगितलं, काल नाचात धाकटा भाऊ त्याच्यासमोर नाचत होता. पिस्तूल बंद आहे हे माहीतच होतं, तेव्हा त्यानं गंमत म्हणून चकमकीखालच्या बाहेरच्या खोबणीत चिमूटभर दारू टाकली, भावाच्या छातीवर रोखलं आणि चाप ओढला. "बाहर आग हुआ, भक् करके. सब हसा. खलास." मग थांबून म्हणाला, "सुबह साफ करने बैठा, तो रॉड अंदर नहीं जाता."

मामूंनी गज माझ्या हातात दिला. दोन बोटं वर.

गोळी निघाली. दारू ताजी. कापड पांढरं, त्याला वास होता. सालेमनं ते नाकाशी नेलं. "ये हमारे घर का बखूर है. कल का." लग्नात कपड्यांना दिलेली ती धूप. पिस्तूल आणल्यापासून वडिलांच्या तिजोरीत होतं, नाचाच्या वेळीच बाहेर काढलं, असं तो शपथेवर सांगत होता.

नातवाला ही गोष्ट सांगितली. तो तिकडेच यूएईत, खलिफा सिटीत राहतो, इंजिनियर आहे. म्हणाला, "नाना, समबडी वॉज प्रँकिंग यू." असेल. मामू दुकानात करू शकले असते, तिजोरीत नाही. सालेमच्या घरचा कोणी तिजोरीत करू शकला असता, आमच्या पेटीत नाही. साठ वर्षं मी इथेच अडकलोय.

सालेम गेल्यावर मामूंनी चापाला तसाच राहिलेला पांढरा दोरा सोडला आणि कार्डासकट मला दिला. "ठेव. तुझी सही हाय." हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला ग्रॅज्युएट म्हणून हाक मारली नाही, आणि मी कार्डावर बी.एस्सी. लिहिलं नाही.

ते कार्ड माझ्या डिग्रीच्या फाइलमध्येच आहे. खाली. तपासले. आणि खरंच सांगतो, मी तपासलं होतं.