मी तीन नंबरचा चौकोन सारवला

सकाळचे बरोबर पाच वाजून चाळीस मिनिटं. वेळ इतकी पक्की कशी, म्हणाल? नंतर फौजेच्या मोठ्या साहेबांनी ती मला तीनदा विचारली आणि त्यांच्या हवालदार दादांनी वहीत लिहून घेतली, म्हणून. माझ्या लग्नाचा मुहूर्त मला आठवत नाही, पण ही वेळ मरेपर्यंत विसरणार नाही. सांगताना आजही कान गरम होतात. पण तुम्ही आपलीच माणसं. चहा घ्या, ऐका आणि हसायचं तेवढं हसून घ्या.

आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. या उन्हाळ्यात तिथे फौजेची माणसं तंबू ठोकून राहिली. लढाईवाली नाही हो, रस्ते-पूल बांधणारी. जिथे पावसात चाक रुततं आणि उन्हात जमीन फाटते, तिथल्याच मातीचा टणक रस्ता कसा करता येईल, जेणेकरून फौजेचा ट्रक न अडकता जाईल, याचा त्यांचा शोध चालू होता. त्यासाठी त्यांना वाईटात वाईट जमीन पाहिजे होती. शोधत शोधत आले ते थेट आमच्या टोल्यावर! आमच्या चिखलाला जन्मात पहिल्यांदा कोणी कामाचं म्हटलं.

धानाच्या एका पडीक बांधीत त्यांनी अंगणाएवढे सहा चौकोन केले. पाच चौकोनांच्या मातीत वेगवेगळी पावडर कालवली. तीन नंबरमध्ये काहीच नाही, नुसती माती. त्या पाच चौकोनांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि ओली पोती झाकायची, हे माझं काम. सगळ्यांवर एक मॅडम होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण फौजेत अधिकारी, आणि बोलणं सगळं हिंदीत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "तीन नंबर पे पानी बिल्कुल मत डालना।"

मी मान हलवली. कशासाठी, ते विचारलं नाही. सातवी शिकलेली बाई अधिकारी बाईला प्रश्न विचारते का कुठे?

आता माझा जीव कशात अडकला होता तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात माझी परी तापाने फणफणली. दोन वर्षांची पोर. दवाखान्याची गाडी मोठ्या रस्त्यावर येऊन उभी, आणि तिथून टोल्याकडे येणाऱ्या कच्च्या वाटेत, आमच्या पांदणीत, मांडीभर चिखल. परीच्या बाबांनी तिला खांद्यावर घेतलं, मी मागून छत्री धरली. छत्री पोरीवर होती की नुसती हवेत, ते मला तेव्हाही कळलं नाही. परी चार दिवसांत बरी झाली, पण माझी भीती काही बरी झाली नाही. आभाळ भरलं की मी आधी तिच्या कपाळाला हात लावते.

आणि मॅडमनी सांगितलं होतं की मोठ्या साहेबांना चौकोन पसंत पडले, तर पुढची परीक्षा लांब पट्ट्यावर, तुमच्याच पांदणीत घेऊ. पावसाळ्याच्या आधी!

मग सांगा, मला झोप लागेल का?

कारण पाच चौकोन गुळगुळीत होते, पण तीन नंबर रोज फुटत चालला होता. आधी केसाएवढ्या भेगा, मग बोट जाईल एवढ्या. मॅडम रोज तिथे बसून पट्टीने भेगा मोजायच्या, फोटो काढायच्या, खडूने खुणा करायच्या. मला वाटायचं, किती काळजी करते बिचारी! आणि एका संध्याकाळी कळलं की उद्या मोठे साहेब पाहायला येणार.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, "आई, उद्या मोठे साहेब येऊन राहिले."

"अन् तो चौकोन तसाच फुटका ठेवशीन?"

"त्याच्यावर पाणी नका टाकू म्हणलं ना मॅडमनं."

"पाणी नको म्हणलं. सारवू नको म्हणलं काय?"

खरंच की! सारवू नको असं तर कोणीच म्हटलं नव्हतं!

"पाव्हणा येते अन् अंगण फाटलेलं?" सासूबाई म्हणाल्या. "तुले नाही, मले नावं ठेवतीन लोकं. म्हणतीन, सुनेले सारवणबी नाही शिकवलं म्हातारीनं."

झालं. दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला मी कडेवर परी आणि हातात बादली घेऊन हजर. पहाऱ्यावरच्या जवानाला वाटलं, रोजचं पाणी. बादलीत होतं ताजं शेण आणि बोडीची, म्हणजे आमच्या तळ्याची, चिकण माती. अंगठ्याने एकेक भेग बुजवली. मग हाताने असे अर्धे चंद्र काढत, मागे मागे सरकत, अख्खा चौकोन सारवून काढला. मधोमध जमिनीचा ताप मोजायची एक तार वर आली होती. तिच्याभोवतीही गोल, सुबक हात फिरवला. आमच्या टोल्यात माझ्यासारखं सारवण कोणाचं नाही, हे मी नाही, सगळे म्हणतात. रांगोळीही काढणार होते, पण परी रडायला लागली म्हणून राहिली. नाहीतर कमळ काढायचं ठरवलंच होतं!

अकरा वाजता साहेब आले. ऊन असं की चौकोन कधीचा सुकलेला. एक पाहिला, दोन पाहिला, आणि तीन नंबरपाशी साहेब थांबले ते थांबलेच.

"वाह! एक भी क्रैक नहीं। इसमें क्या डाला है?"

मॅडम वहीत पाहायला लागल्या. "सर, इसमें... कुछ नहीं। सादी मिट्टी है।"

"सादी मिट्टी? और टेंपरेचर देखो, बाकियों से कम है! ये पैटर्न अपने आप बना?"

माझ्या बोटांचे अर्धे चंद्र हो ते! साहेब शहरात वाढलेले असावेत. त्यांनी खाली वाकून एक तुकडा काढला, नाकाजवळ नेला, म्हणाले, "अलग सी महक है," आणि तो रुमालात बांधून खिशात ठेवला.

हवालदार दादा साताऱ्याकडचे, शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी एकदा चौकोनाकडे पाहिलं, एकदा माझ्या नखांकडे, आणि मग त्यांना जो खोकला लागला तो थांबेचना. साहेब बोलत असताना मध्ये बोलायची त्यांची काय बिशाद! मी हात पदराखाली घेतले.

तेवढ्यावर निभावलं असतं तर मी आजही गप्प राहिले असते. पण साहेबांचा आवाज बदलला. "ये हो ही नहीं सकता। आपने सैंपल बदल दिए हैं। मुझे अब आपके किसी आँकड़े पर भरोसा नहीं।"

मॅडमची मान खाली गेली. भर उन्हात उभी राहून रोज भेगा मोजणारी ती पोरगी, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदराखालचे हात बाहेर काढले.

"साहेब, मॅडमची चूक नाही जी. मी सारवलं."

"सारवलं मतलब?"

आता सारवणाला हिंदीत काय म्हणतात ते मला कुठून सुचणार? मी परीला खाली ठेवलं आणि साहेबांच्या बुटांपुढे बसून हवेत सारवून दाखवलं. परीला वाटलं खेळ आहे. तीही शेजारी बसून सारवायला लागली.

हवालदार दादा सावधान उभे राहिले. "सर, गोबर है।"

साहेबांनी खिशातला रुमाल सावकाश बाहेर काढला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग मॅडमनी मला बाजूला नेऊन समजावलं. रागावून नाही, आणि त्यानेच मला जास्त लागलं. साधी माती मुद्दाम फुटू दिली होती. ती किती फुटते ते कळलं तरच बाकीचे पाच किती टिकले ते कळणार. आता भेगाही गेल्या आणि मापंही गेली. सहाही चौकोन एकाच दिवशी पुन्हा घालावे लागणार. पांदणीतला पट्टा यंदा नाही, पुढच्या उन्हाळ्यात पाहू.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणतात कशा, "मी तं आपल्या अंगणाचं बोलत होती!"

आता नव्या चौकोनांपुढे पाटी लागली आहे, 'यहाँ लीपना मना है'. अख्ख्या फौजेत अशी पाटी दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

तर एक विनंती आहे. यंदा पावसाळ्यात आमच्याकडे कोणी येणार असेल तर त्यांना निरोप द्या की पांदण मागच्यासारखीच आहे, चपला हातात घ्या आणि साडी गुडघ्यापर्यंत खोचा. हे सगळ्यांना सांगा. आणि रस्ता काहून नाही झाला असं कोणी विचारलं, तर एवढंच म्हणा की फौजेच्या कामाला वेळ लागते जी. माझं नाव नका सांगू.