आंजीच्या जीपचं दावं

माझ्या भाऊजींच्या घरी मी चहा पीत नाही. गेलोच तर अंगणातल्या नळाचं पाणी ओंजळीनं पितो आणि ताईशी दोन शब्द बोलून निघतो. नातेवाइकांत बोललं जातं की रूपरावला साखर झाली. बोलू द्या. खरं कारण चारचौघांत सांगावं, तर माझ्या बहिणीला त्याच घरात राहायचं आहे.

भाऊजी म्हणजे प्रभाकरराव. वर्ध्याच्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान, बोरगाव मेघेला ऐसपैस घर, समाजात मान. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस. लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी त्याचंच कौतुक केलं होतं. पण पत्ते, दारू परवडली असती असं ताई एकदा माझ्याजवळ बोलून गेली, कारण दारुडा निदान झोपतो तरी. भाऊजींना नाद होता जुन्या जीपांचा. त्याही साध्यासुध्या नव्हेत. दुसऱ्या महायुद्धातल्या, बुटक्या बॉनेटच्या, नाला म्हणू नका चिखल म्हणू नका, कुठेही घुसणाऱ्या.

पहिली जीप त्यांनी ब्याण्णव साली एका लिलावात घेतली. ती दोरीनं ओढत घरी आणली तेव्हा तिच्या सीटमधून उंदराची पिल्लं पडली. भाऊजींनी ती हातानं बाजूला सारली आणि त्याच हातानं पेढे वाटले. मी पेढा खिशात घातला आणि वाटेत कुत्र्याला टाकला.

मग घराची जी दशा झाली ती पाहवत नसे. ओसरीतली ताईची बंगई, म्हणजे झोपाळा, काढला, कारण तिथे गिअरबॉक्स ठेवायचा होता. तिच्या रुखवताची भांडी माळ्यावर गेली आणि काचेच्या कपाटात पितळेच्या पाट्या, गंजके हॉर्न, लष्करी पेट्रोलचे डबे, घडीची फावडी, फाटक्या माहितीपुस्तिका मांडल्या गेल्या. दूध तापवायच्या पातेल्यात रॉकेल घालून कार्बुरेटर धुतला. ताईनं ते पातेलं फेकलं तर महिनाभर अबोला. आणि एक सवय तर सांगायलाही नको वाटते. गिअरच्या तेलात पाणी शिरलं आहे का हे ओळखायला भाऊजी बोट बुडवून जिभेला लावत. जेवता जेवता उठून हे करून येत आणि त्याच बोटांनी पुन्हा भात कालवत.

तरी हे सगळं मी हौस म्हणून सोडून दिलं असतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझं डोकं फिरे ते त्यांच्या जीप घेण्याच्या पद्धतीनं. खेड्यात कुणाकडे जुनी जीप आहे असं कळलं की हे धुतलेलं धोतर नेसून जायचे, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे, गाडीभोवती फिरून चुकचुकायचे. भंगार आहे, जागा अडून राहिली आहे, तुमची अडचण दूर करतो, असं बोलायचे. गाडी हातात आली की परतीच्या वाटेवर तोच माणूस स्टिअरिंगवर थापा मारत हसायचा, की बेट्यांना कळलंसुद्धा नाही दारात काय उभं होतं. लोकांच्या अज्ञानावर असं खुशीत हसणारा माणूस शेजारी बसला की मला गाडी लागते.

दोन हजार एक साली त्यांना आंजीच्या खुशालच्या जीपचा पत्ता लागला. खुशाल भाजीवाला शेतकरी. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पहाटे जीपमध्ये भरून वर्ध्याच्या बाजारात आणायचा. बाजाराच्या दिवशी आमची ओळख झाली होती. पुढे त्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि जीप अंगणातल्या निंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. माझी ओळख आहे म्हणून भाऊजींनी मला सोबत नेलं.

खुशाल पडवीत खाटेवर होता. त्याची बायको कुंताबाई व्यवहाराला पुढे आली. वाळल्या अंगाची, पण नजर बाजारात बसलेल्या बाईची. भाऊजी नेहमीसारखे चाकं, चेसी, इंजिनावरचा नंबर बघत खाली वाकले होते. मी बॉनेट बघत होतो, कारण बघण्यासारखं तेच होतं. त्यावर गेरूचे लाल पंजे उमटलेले होते.

कुंताबाईनं सांगितलं. त्यांच्याकडे दसऱ्याला गेरू जवसाच्या तेलात कालवून लेकीच्या हाताचा पंजा बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, उमटवायची रीत. तेलातला गेरू ऊनपावसानं जात नाही. बंडी गेली, जीप आली, तर पंजे जीपवर आले. त्यांची सरिता आईच्या कडेवर असतानाचा पहिला पंजा काचेजवळ होता, भेंडीच्या पानाएवढासुद्धा नाही. दर दसऱ्याचा त्याच्या पुढे, आणि आधीच्याहून थोडा मोठा. शेवटचा पंजा पुरत्या बाईचा, लांब बोटांचा. त्यानंतरच्या पावसाळ्यात सरिता तापानं गेली. कॉलेजात नाव घातलं होतं.

मी भाऊजींना म्हटलं, हे बघा. त्यांनी मान वर केली, हो हो म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

भाव ठरला. मग कुंताबाईनं अट घातली. "बैल इकला तरी त्याचं दावं आमी देत नाई. ते घरीच राह्यते. या गाडीचं दावं म्हंजे हे बोनट. बाकी सारं घेऊन जा, एवढं मले ठेवा."

रीत भाऊजींना माहीत होती. आमच्याकडे गाय-बैल विकला तर दावं सोडून घेतात, जनावराबरोबर घराची लक्ष्मी जाऊ नये म्हणून. दावं मागणारा दलालसुद्धा मी पाहिलेला नाही. पण भाऊजींनी चेहरा असा हळवा केला की मी थक्क झालो. म्हणाले, बाई, तुमचंच आहे ते. फक्त मापासाठी नेतो, त्यावरून दुसरं बनवून घेतो आणि दसऱ्याच्या आत हे तुमच्या दारात. कुंताबाईनं खुशालकडे पाहिलं. तो काय बोलणार? डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्याचं नेहमीच गळायचं.

"दसऱ्याच्या आंदी आना," ती म्हणाली. "मी त्याच्यासमोर दिवा लावतो."

भाऊजींनी निंबाखालीच तिच्यापुढे हात जोडून शब्द दिला. तिनं जीपच्या सीटवर मूठभर तांदूळ ठेवले, लेकीची पाठवणी करतात तसे. नाक्याबाहेर आल्यावर भाऊजींनी ते हातानं झटकून रस्त्यावर टाकले. सीटमध्ये उंदीर होतात म्हणे.

पंधरवड्यात ताईचा फोन आला. एवढंच म्हणाली, ये आणि बघ. मी माझ्या गावाहून, वडनेरहून, पहिली एसटी धरली. अंगणात भाऊजी पाटावर बसले होते, पुढ्यात बॉनेट, हातात रॉकेलचा बोळा आणि पॉलिश पेपर. मोरीकडे लाल पाणी वाहत होतं. काचेजवळचा पहिला पंजा गेला होता. मधले गेले होते. शेवटचा अर्धा उरला होता, त्याच्यावर ते जोर लावून घासत होते.

मी ओरडलो. त्यांनी शांतपणे समजावलं, जणू मीच अडाणी. लढाईच्या गाडीच्या बॉनेटवर लष्कराचा पांढरा नंबर असतो, रंगाचे थर अलगद काढले की खाली तो सापडतो. तो नंबर निघाला तर गाडी सोळा आणे ओरिजिनल. पंजांचं काय, पंजे काय पुन्हा उमटवता येतात.

हा ओरिजिनल शब्द मी त्या दिवसापासून तोंडात घेत नाही.

नंबर निघालाच नाही. गेरूखाली निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली डांबराच्या ड्रमवर असतात तशी अर्धी-मुर्धी अक्षरं. खरं बॉनेट केव्हाच गेलं होतं आणि कुठल्या तरी टिनवाल्यानं ड्रमचा पत्रा ठोकून हे बसवलं होतं. भाऊजींनी पत्रा उताणा केला, टिचकी मारली, चेहरा कसनुसा केला आणि म्हणाले, "फुकट गेली मेहनत." मग तो त्यांनी भिंतीशी भिरकावला. ताई दारात उभी होती. ती आत गेली आणि मोरीत पाणी ओतत राहिली, बराच वेळ.

जीप पुढे कुठून तरी आणलेल्या बॉनेटनं पूर्ण झाली. हिरवागार रंग, पांढरा तारा, मागे फावडं आणि पेट्रोलचा डबा. नागपूरच्या मेळाव्यात तिला ढाल मिळाली. पेपरात फोटो आला, त्यात भाऊजी बॉनेटवर हात ठेवून उभे.

दसरा जवळ आला तशी कुंताबाईची आठवण यायला लागली. म्हणजे तिनंच करून दिली. बाजारात येणाऱ्या भाजीवाल्यांबरोबर निरोप, एकदा, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी निरोप दुकानात चारचौघांसमोर आला, तेव्हा भाऊजींना लाज वाटली. तिची नव्हे, चारचौघांची.

त्यांनी काय केलं ते मला त्यांच्या सुनेनं, सपनानं सांगितलं. तो घासलेला पत्रा त्यांनी भिंतीजवळून उचलला, त्याला निळा रंग दिला, वाटीत गेरू आणि जवसाचं तेल कालवलं आणि सपनाला बोलावलं. दसऱ्याचं शुभ असतं, हात उमटव, म्हणाले. सून नवी. सासऱ्यांनी शुभ म्हटल्यावर ती काय विचारणार? तिनं हात बुडवला आणि उमटवला. अजून एक, म्हणाले. अजून एक. बॉनेट भरेपर्यंत. मग त्यावर धूळ चोळली आणि दोन दिवस उन्हात ठेवलं, जुनं दिसावं म्हणून. सपनाला हे कशासाठी ते नंतर ताईकडून कळलं. तिची नखं आठवडाभर लाल होती, ती मुठी मिटून माझ्याशी बोलत होती.

भाऊजींनी मला सांगितलं, तुझी ओळख आहे, तू नेऊन दे. मी म्हटलं, त्या पत्र्याला मी हात लावणार नाही. पण तुम्ही कोणत्या तोंडानं देता, ते बघायला येतो.

कुंताबाईनं अंगण सारवून ठेवलं होतं. निंबाखाली पाट, पाटावर दिवा. भाऊजींनी बॉनेट पाटामागे निंबाला टेकून उभं केलं आणि आपण होऊनच बोलत सुटले, की कसं जपलं, कसं कापडात गुंडाळून ठेवलं. ती खाली बसली. पत्र्याच्या कडेवर, एका जुन्या पोच्यावर तिनं बोट फिरवलं. मग पहिल्या पंजावर तळवा ठेवला. मग दुसऱ्यावर. मग काचेजवळच्या कोपऱ्यात बघत राहिली, जिथे तो भेंडीच्या पानाहून लहान पंजा असायला हवा होता.

भाऊजींच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. मी त्यांच्याकडेच बघत होतो, त्यांचा आवाज बारीक होत बंद पडला. सगळे पंजे एकाच मापाचे होते. ज्या माणसाला नटबोल्टच्या आट्यांतला फरक हातानं कळे, त्यानं त्या पोरीचं वाढणं पाहिलंच नव्हतं.

"पत्रा माहाच हाये," कुंताबाई म्हणाली. "लेक दुसऱ्याची हाये. माही लेक वाढली होती."

भाऊजी पुटपुटले, ऊन, पाऊस, रंग पसरतो. तिनं ऐकून घेतलं नाही. ओरडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. उलट तिनं विचारलं की हे हात ज्या पोरीचे आहेत तिचं लग्न झालं आहे का. मी म्हटलं, हो, झालं आहे. ती आत गेली, सुपात तांदूळ, नारळ, हळदीकुंकू आणि खण घेऊन आली. पत्र्यावरच्या एका पंजाला तिनं हळदीकुंकू लावलं आणि ओटीचं सामान माझ्या उपरण्यात बांधलं.

"दुसऱ्याची लेक ठेवून घेता येत नाई, भाऊ," ती मला म्हणाली. "तिच्या घरी पोचती करा."

मग तिनं पाटावरचा दिवा उचलला आणि आत नेला. खाटेवरून खुशाल रिकाम्या पाटाकडे बघत होता.

ओटी मी सपनाच्या पदरात घातली. ती तशीच देवघरात जाऊन बसली, कुणी हाक मारली तरी उठली नाही. मला वाटलं, आता तरी भाऊजींना काही लागलं असेल. परत आणलेला पत्रा ते नदीत सोडतील, पुरतील, निदान माळ्यावर टाकतील. मी भोळाच. मेल्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला चव लागली की तो थांबत नाही, हे मला कळायला हवं होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी बैठकीत दिवे लावून संग्रह मांडला. पुण्याचे दोन हौशी लोक बघायला आले, तेव्हा मी तिथे होतो. जीपा पाहून झाल्या, पाट्या, हॉर्न पाहून झाले. मग त्यातला एक भिंतीपुढे थबकला. तिथे तो पत्रा काचेच्या चौकटीत लावला होता, कुंकवाच्या बोटासकट.

"आंजीच्या जीपचं आहे," भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले. "घरची मुलगी दर दसऱ्याला हात उमटवायची. गेली बिचारी. तिच्याच हातचे आहेत, ओरिजिनल."

पाहुण्यांनी टोप्या काढल्या. एकानं डोळे पुसले. सपना चहाचा ट्रे घेऊन त्या चौकटीखाली उभी होती, आणि तिची बोटं ट्रेच्या कडेवर होती. कुणी वर बघून खाली बघितलं असतं तर पुरे होतं. कुणी बघितलं नाही. तिनं एकेकाला कप दिला, मग माझ्यापुढे आली. तिच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

"मले साखर झाली, बेटा," मी म्हटलं आणि बाहेर नळावर गेलो.